जे आलं ते लिहा

पालकहो, आणि विंगेत लेझीम घेऊन ताटकळलेल्या माझ्या छोट्या मित्रमैत्रिणींनो,

पाहुण्यांचं भाषण आणि मुलांचे नाच, यांतल्या कशाची सभागृह वाट बघतंय हे मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा लांबण लावत नाही.

मी पेशाने संशोधक रसायनशास्त्रज्ञ. लहान रेणू जोडून मोठे रेणू घडवायचे आणि ते जोडताना धातूंना कामाला लावायचं, हा आमचा धंदा. पुस्तकात त्याला सिंथेटिक ऑरगॅनिक आणि ऑर्गॅनोमेटॅलिक केमिस्ट्री म्हणतात. निम्मी हयात पुण्यातल्या प्रयोगशाळेत गेली, निम्मी तळोजा-महाडच्या कारखान्यांत. कुठेही गेलो की पालक एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, केमिस्ट्रीत स्कोप आहे का हो?"

अमिरातीतल्या या रास अल खैमात तरी हा प्रश्न पडू नये. तुमच्या शाळेच्या बसमधून जे डोंगर दिसतात, ते चुनखडकाचे. खोर खुवैरच्या खाणींतून निघालेला हा दगड जहाजात बसून आपल्या भारतातल्या पोलादाच्या भट्ट्यांपर्यंत जातो. इथला सिमेंटचा धंदा त्याच दगडावर उभा आहे. 1989 मध्ये इथे फरशांची कंपनी निघाली आणि तिच्या फरशा जगभर गेल्या. आणि 1980 मध्ये इथे औषधांची कंपनी निघाली, तिला नाव दिलं या भागातल्या जुन्या बंदराचं, जुल्फार. पूर्वी ज्या किनाऱ्यावरून मोती जायचे, त्या किनाऱ्यावरून आज गोळ्या-औषधं जातात.

स्कोपचं उत्तर मी एका गोळीवरून देतो. आज प्रेक्षकांत बसलेल्या बऱ्याच आजी-आजोबांच्या पर्समध्ये, खिशात ती असेल. रक्तदाबाची गोळी. लोसार्टन, वल्सार्टन, टेल्मिसार्टन, नाव काहीही असो, या तिघांच्या पोटात एकच सांगाडा आहे. बेंझिनची दोन षट्कोनी कडी, एका बंधाने एकमेकांना जोडलेली. कागदावर तो बंध काढायला पेन्सिलीची एक रेघ पुरते. प्रत्यक्षात कार्बनला कार्बन जोडणं हे आमच्या शास्त्रातलं सगळ्यात चिवट काम.

ते सोपं करण्याचा एक मार्ग 1900 साली व्हिक्टर ग्रिन्यार या फ्रेंच तरुणाला सापडला. त्याने मॅग्नेशियम धातू वापरला. 1912 मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि आजही रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याची खरी परीक्षा ग्रिन्यारच घेतो. कारण या रिअॅक्शनला पाण्याचा थेंबही चालत नाही. ऑगस्टमध्ये एसीच्या गाडीतून इथल्या रस्त्यावर उतरलात की चष्म्यावर जे धुकं जमतं, तेवढ्या ओलाव्यानेसुद्धा तिचा विचका होतो. आमच्याकडे जुलैच्या पावसात ती लावायची म्हणजे दिव्यच.

आधी काचेचं भांडं ओव्हनमध्ये तापवून घ्यायचं आणि नायट्रोजनखाली गार करायचं. ईथर सोडियम आणि बेंझोफिनोनवर उकळत ठेवायचं. त्याला गर्द निळा रंग चढला की समजायचं, आता यात पाणी उरलं नाही. मग मॅग्नेशियमचे चकचकीत तुकडे, त्यावर ईथर, थोडं ब्रोमाइड आणि आयोडीनचा एक खडा. सगळं तपकिरी होतं आणि पुढे काहीच होत नाही. तुम्ही उभे. बघत राहता. मग कधीतरी तपकिरी रंग विरतो, धातूच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, द्रावण राखाडी गढूळ होतं आणि खाली आच नसताना ईथर आपोआप उकळायला लागतं. त्या क्षणी हाताशी बर्फ हवा. आणि खबरदार, रिअॅक्शन सुरू झालेली नसताना उतावीळपणे सगळं ब्रोमाइड ओतलं, तर ती उशिराने, पण एकदम पेटते. काचेच्या छोट्या भांड्यात ते निभावून जाईल. हजारो लिटरच्या रिअॅक्टरमध्ये आतली उष्णता बाहेर पडायला तेवढी वाट नसते, तिथे असा उतावीळपणा जिवावर बेततो. म्हणून प्लांटवर आम्ही पहिला नियम शिकवतो: व्हायला हवं ते झालंय असं धरून चालू नका. थर्मामीटर काय म्हणतो ते बघा, ते लिहा, मग पुढचा थेंब.

आज मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. काय यायला हवं होतं ते नव्हे, जे आलं ते लिहा.

हेच ग्रिन्यारचं मॅग्नेशियम घेऊन 1951 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला कीली नावाचा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक पॉसन एक वेगळाच रेणू बनवायला बसले होते. हाती लागले नारिंगी स्फटिक. त्यांत लोखंड होतं आणि पदार्थ इतका टिकाऊ की 173 अंशांना वितळला तरी बिघडेना. त्यांनी तो नको असलेला माल म्हणून सिंकमध्ये ओतला नाही. त्याचं पृथक्करण केलं, आकडे जसे आले तसे छापले. त्यांनी सुचवलेली रचना पुढे चुकीची ठरली. विल्किन्सन, वुडवर्ड आणि फिशर यांनी दाखवून दिलं की लोखंडाचा अणू कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांच्या मधोमध बसलेला आहे. फेरोसीन त्याचं नाव. विल्किन्सन आणि फिशर यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. अर्थ चुकला तरी आकडे खरे होते, म्हणून तर दुसऱ्यांना तो अर्थ दुरुस्त करता आला. आकडेच खोटे असते तर कुणाला काय सापडलं असतं?

आता पुन्हा आपल्या गोळीकडे. ती दोन कडी जोडण्याचा अधिक नेमका मार्ग पॅलेडियम धातूने दिला. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना त्यासाठी 2010 मध्ये नोबेल मिळालं, आणि लोसार्टनच्या निर्मितीत सुझुकींची रिअॅक्शन वापरली गेली. पॅलेडियमचं काम लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं. दोन्ही बाजूंना एकत्र आणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. अडचण एवढीच की मध्यस्थाने नंतर त्या घरात मुक्काम ठोकता कामा नये. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे रेणू जोडला म्हणून केमिस्टने टाळी घ्यायची नाही. मागे काय उरलं, हे मोजून दाखवेपर्यंत त्याचं काम अर्धंच.

आणि ते न मोजल्यावर काय होतं, हे 2018 च्या जुलैत जगाने पाहिलं. चीनमधल्या एका कारखान्याच्या वल्सार्टनमध्ये एनडीएमए नावाचा, कर्करोगाचा धोका वाढवणारा पदार्थ सापडला आणि देशोदेशींच्या दुकानांतून गोळ्या परत मागवाव्या लागल्या. झालं होतं असं, की माल जास्त निघावा म्हणून काही वर्षांपूर्वी कृती बदलली होती. नव्या कृतीत डीएमएफ हे द्रावक आलं. त्याचं किंचित विघटन होऊन एक अमाइन तयार व्हायचं. शेवटी उरलेलं विषारी अॅझाइड मारायला नायट्राइट टाकायचे. त्या अमाइनची आणि नायट्राइटची गाठ पडली, आणि कुणी न मागितलेला तिसरा पदार्थ जन्माला आला. नेहमीच्या चाचण्यांत तो दिसला नाही, कारण त्या चाचण्या अपेक्षित अशुद्धी शोधण्यासाठी होत्या. नंतर मर्यादा ठरली दिवसाला 96 नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले 96. एवढ्याशा ऐवजाचा हिशेब ठेवायला माणसं लागतात, मंडळी. विचारत होतात ना, स्कोप आहे का?

आपल्या माणसांनी हा हिशेब चोख ठेवला, म्हणून आज भारतीय औषधांना जगात पत आहे. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आमची एनसीएल, 3 जानेवारी 1950 ला सुरू झाली. तिचे पहिले भारतीय संचालक डॉ. वेंकटरामन रंगांचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर डॉ. बा. द. टिळक आले, त्यांनी प्रयोगशाळेतलं रसायन कारखान्यात उतरवण्याचा ध्यास घेतला आणि निवृत्तीनंतर खेड्यांसाठी तंत्रज्ञान नेलं. 1970 च्या पेटंट कायद्याने 2005 पर्यंत औषधाऐवजी फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळायचं. म्हणजे नवी वाट काढा आणि तेच औषध बनवा. आपल्या केमिस्टांनी वाटा काढल्या. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधं मिळून वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा त्यांची बाजारातली किंमत दहा हजारांच्या वर होती. आफ्रिकेतल्या रुग्णाला ती औषधं विश्वासाने घेता आली, ती स्वस्त होती म्हणून नाही, स्वस्त असूनही खरी होती म्हणून.

मुलांनो, या वाटेवर झटपट काही नाही. एमएस्सीनंतर पीएचडीची वर्षं लांबतात, मित्र गाड्या घेतात तेव्हा आपण पदार्थ शुद्ध करायचा कॉलम लावून उभे असतो, कपड्यांना येणारा वास घरच्यांना आवडत नाही. पगार पुढे बरा होतो, पण श्रीमंत व्हायचं असेल तर दुसरं काही बघा. स्वतःच्या हाताने बनवलेल्या, आधी जगात नसलेल्या पदार्थाची रचना दाखवणारा एनएमआर आलेख हातात येतो, तेव्हाचा आनंद मात्र दुसऱ्या धंद्यात आहे की नाही, मला शंका आहे.

त्याची तयारी कॉलेजात नाही, इथेच होते. टायट्रेशनमध्ये ब्युरेटचं रीडिंग 11.4 येतं, पाहिजे असतं 10.2. मग शेजारच्याच्या जर्नलमध्ये डोकावून आपण 10.2 लिहितो, वर 10.1 आणि 10.3 टाकून ते खरं वाटेल याची सोयही करतो. हसू नका, इथे बसलेल्या पालकांनीही हे केलंय! पण तो 11.4 तुम्हाला काहीतरी सांगत होता. ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा असेल, द्रावण चुकीचं बनलं असेल, गुलाबी रंग जरा जास्तच गडद होऊ दिला असेल. खाडाखोड केलीत की तो गप्प झाला. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहा. कारखान्यातली नोंदवही अशीच ठेवतात.

सायन्सच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला एखाद्याचं रीडिंग चुकलं, पण त्याने ते जसंच्या तसं लिहून कारण शोधलं, तर बरोबर रीडिंग उतरवणाऱ्यापेक्षा त्याला जास्त मार्क द्या. एवढी एक रीत या शाळेने पाडली, तर उद्या तुमच्यातून केमिस्ट होवोत न होवोत, ज्याच्या सहीवर विसंबून कुणी निर्धास्तपणे गोळी घेईल, पुलावरून गाडी नेईल, अशी माणसं नक्की होतील.

बक्षीस मिळालेल्या सगळ्यांचं अभिनंदन. न मिळालेल्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा उतरायचंय. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!