लाडाचे नाव आणि नोंदीचे नाव

(एका बौद्ध वस्तीत बालकाच्या नामकरणविधीप्रसंगी एका वकिलाने केलेले भाषण)



त्रिसरण-पंचशील झाले. आता बाळाचे नाव जाहीर व्हावयाचे. परंतु ते अद्याप ठरलेलेच नाही, आणि घरातील या वादात पंच म्हणून मला उभे करण्यात आले आहे. वाद असा आहे. बाळाच्या तीन वर्षांच्या बहिणीने पहिल्या दिवसापासून त्याला 'अनू' म्हणावयास आरंभ केला आणि आता सारी गल्ली त्याला अनू म्हणते. आजीबाईंचे म्हणणे, मूल ज्या हाकेला वळते तेच त्याचे नाव, तेच सरकारदरबारी लिहा. वडिलांना मोठे नाव हवे आहे. आईची अडचण निराळीच आहे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आजी, तुमचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. परंतु एक गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. आपल्या मागच्या पिढ्यांतील माणसांना गावाने कोणत्या नावाने हाक मारली? साठ वर्षांच्या वृद्धालाही चावडीवरचा पोरगा 'धोंड्या' म्हणे, 'कचऱ्या' म्हणे. आईने प्रेमाने आखूड केलेले नाव गावाने उचलले आणि त्याचा चाबूक केला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर तसा नियमच आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदास्पद. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळण्यात आला, त्याने बारशाच्या पाळण्यापर्यंत हात पोहोचविला होता.

येथे एक खुलासा केला पाहिजे. दगडू, धोंडू, भिकू ही सारीच नावे कोणी आपणांवर लादली असे नाही. ज्या आईची मुले जगत नसत, ती मुलाला दृष्ट लागू नये म्हणून असे नाव ठेवी, आणि ही रीत इतर जातींतही होती. तेव्हा आजोबांचे नाव कचरू होते म्हणून कोणी मान खाली घालू नये. त्या नावामागे एका आईचे भय होते.

माझा मुद्दा एवढाच आहे, की नाव आखूड करण्याचा अधिकार कोणाचा? आजीचा आहे, बहिणीचा आहे, मित्राचा आहे. कचेरीतील साहेबाचा नाही. नोंदीत 'अनू' एवढेच लिहिले, तर उद्या वर्गशिक्षकापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येक जण त्याला लाडाच्या नावानेच हाक मारील, आणि ज्याचे त्याच्याशी लाडाचे नाते नाही त्याच्या तोंडी ते नाव कसे वाजते, हे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकले आहे. नोंदीत पूर्ण नाव असले, की कोणी आपणांस अनू म्हणावे आणि कोणी म्हणू नये, हे तो मुलगा स्वतः ठरवू शकेल. माझी आई मला अजूनही 'छकुल्या' म्हणते. तिने न्यायालयाच्या आवारात तशी हाक मारू नये, एवढीच माझी तिला विनंती असते.

मघाशी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला अडविले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले ते 'भिवा' असेच ना? मग काय बिघडले?" त्यांचे म्हणणे खरे आहे. त्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' असेच नाव आहे आणि महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घरातला भिवा पुढे जगाने डॉ. भीमराव आंबेडकर म्हणून ओळखला, तो मात्र स्वतःच्या असामान्य कष्टांनी. प्रत्येक बालकाला आपले नाव मोठे करण्यासाठी तेवढे झगडावे लागू नये, म्हणून तर हा सारा खटाटोप. शिवाय १९०० सालच्या आणि आजच्या नोंदीत फार अंतर पडले आहे.

ते कसे, हे सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते. ती या घराने वेळेवर दिली आहे आणि नावाचा रकाना तेवढा कोरा आहे. कायद्याला ते चालते. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत आईवडिलांनी नाव कळविले तर शुल्क नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून ते घालता येते. म्हणजे घाई नाही. परंतु एकदा नाव लिहिले, की ते आवडत नाही म्हणून बदलणे हे चुकीच्या दुरुस्तीत मोडत नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे! त्यात २०२३ च्या दुरुस्तीने जन्मदाखल्याचे वजन वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्माचा पुरावा म्हणून तोच दाखला दाखवावा लागणार आहे.

माझ्याकडे एक तरुण पक्षकार आला होता. जन्मनोंदीत घरातले लाडाचे नाव आणि शाळेत गुरुजींनी घातलेले भारदस्त नाव, अशी त्याची दोन नावे होती. हुशार मुलगा, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत होता. जातपडताळणीच्या वेळी प्रश्न निघाला, की ही दोन माणसे की एक? तो एकच आहे हे त्याच्या आईला ठाऊक होते, साऱ्या वस्तीला ठाऊक होते, कागदाला ठाऊक नव्हते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यासाठी १९९० सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या हक्काच्या दारापर्यंत पोहोचलेला मुलगा दोन अक्षरांसाठी उंबरठ्यावर थांबावा, याचे मला आजही वाईट वाटते. त्याचे काम झाले. पण ते वर्ष गेले.

आता नावाकडे वळू. मोठे नाव असे हवे, की त्यातून घरातली हाक आपोआप निघावी. नाही तर दोन नावांची दोन माणसे होतात. काकांनी 'अनाथपिंडिक' सुचविले आहे. जेतवन दान करणाऱ्या त्या उपासकाविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर लागतो, आणि त्यापुढे अनाथपिंडिक लिहिताना पोराचा परीक्षेतला निम्मा वेळ जाईल. 'आनंद' सुंदर आहे, पण या गल्लीत हाक मारली तर चार जण बाहेर येतात.

वडिलांनी सुचविलेले 'अनुरुद्ध' मला पसंत आहे, आणि ते केवळ अनूशी जुळते म्हणून नव्हे. अनुरुद्ध हा शाक्य राजकुळातला. इतक्या लाडात वाढलेला, की 'नाही' या शब्दाचा अर्थच त्याला ठाऊक नव्हता, अशी कथा आहे. तो, भद्दिय, आनंद आदी शाक्य कुमार भगवंतांकडे प्रव्रज्येसाठी निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्यासोबत होता. विनयपिटकात सांगितले आहे, की त्या कुमारांनी भगवंतांना विनविले: आम्ही शाक्य अभिमानी आहोत; आधी या उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे ज्याने आमची सेवा केली त्याला आम्ही वंदन करू आणि आमचा अभिमान गळेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्याच उपालीने केले. न्हाव्यापुढे वाकलेल्या राजपुत्राचे हे नाव आहे. आजी, घरात दुसरा नातू येईल तेव्हा उपालीचे नाव राखून ठेवा.

आता ताई, तुमची अडचण. तुम्ही म्हणालात, "लोक अनिरुद्धच लिहितील." लिहितील, यात मला शंका नाही. अनिरुद्ध हा कृष्णाचा नातू. ते नाव लोकांच्या कानांत बसलेले आहे आणि लिहिणाऱ्याचा हात सवयीने तिकडेच वळेल. ते नाव वाईट आहे असे नाही, परंतु ते दुसऱ्या कथेतले आहे. आणि एका कागदावर 'नि' व दुसऱ्यावर 'नु' झाले, तर माझ्या त्या पक्षकाराची गत व्हावयाची. यावर उपाय साधा आहे. नाव तोंडी सांगू नका. देवनागरीत आणि रोमन लिपीत स्वच्छ अक्षरांत लिहून न्या. रोमन लिपीत 'द्ध'साठी डी दोनदा आणि मग एच, हे आजच ठरवा आणि पुढे जन्मभर तसेच लिहा. दाखला हाती पडताच खिडकीशीच उभे राहून अक्षर न् अक्षर वाचा. मागे रांग कुरकुरली तर कुरकुरू द्या.

हा कागद मी लिहून आणला आहे. दादा, यावर दोघांनी सही करा. आईची सही आधी. आणि त्या छोट्या बहिणीला पुढे बोलवा. अनुरुद्ध हे नाव भन्तेजी जाहीर करतील. पाळण्याशी पहिली हाक मात्र तिने मारावयाची आहे, तिच्या नावाने.

जय भीम!