दर्शनी भिंत

गिरगावातील ज्या तीन मजली इमारतीत माझे उभे आयुष्य गेले, तिच्या रस्त्याकडील भिंतीची नुसती मरम्मत करावी की नव्या सरकत्या खिडक्या बसवून व वरून धातूचे चकचकीत तक्ते चढवून तिचे रूपच पालटून टाकावे, या प्रश्नावर आम्हा रहिवाशांच्या तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत कंत्राटदाराने आणलेला वीतभर नमुना हातोहात फिरत माझ्याकडे आला. पाठपोट ॲल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पत्रा आणि मध्ये काळसर प्लास्टिकचा थर. कडेला नख रोवले, तर मेणात रुतावे तसे रुतले.

आमची भिंत विटांची, आणि तिचा गिलावा चुन्याचा. भाजलेला चुना विरवून, त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून तो बैलाच्या घाण्यात मळून घेण्याची त्या काळी वहिवाट होती. आणि असा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून वर्षानुवर्षे सावकाश घट्ट होत जात असला, तरी त्याची सूक्ष्म छिद्रे बुजत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात भिंतीने प्यालेले पाणी आश्विनातल्या उन्हात आपोआप उडून जाते. ही गोष्ट मला पुस्तकाने नव्हे, गवंड्याने शिकविली. मागे एकदा कोणा हौशी दुरुस्तीवाल्याने जिन्याजवळ सिमेंटचे ठिगळ लावले होते. गवंड्याने त्यावर थापीचा दांडा आपटला तो पोकळ आवाज आला, आणि पोपडा उचलताच आतल्या विटांना लागलेला लोणा पिठासारखा भुरभुरत खाली आला. कोंडलेल्या पाण्याने आतल्या आत आपला मार्ग शोधला होता.

खिडक्यांचीही हीच कथा. सागवानी झडपांच्या झिलमिल्या अर्ध्या लवविल्या, की ऊन आणि पावसाची झड बाहेर राहून वारा तेवढा आत येतो, आणि झडपा सताड उघडल्या की सबंध खिडकी मोकळी होते. सरकत्या खिडकीचे एक तावदान दुसऱ्यामागे जाते. म्हणजे पैसे सबंध खिडकीचे मोजावयाचे आणि वारा निम्म्या खिडकीचा घ्यावयाचा! कुजल्या असतील तर त्या आमच्या झडपांच्या खालच्या पट्ट्या, कारण पाणी तेथे साचते. तेवढ्या बदलणे सुताराचे चार दिवसांचे काम.

परंतु त्या सभेत माझ्या मनात घोळत होती ती लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही इमारत. १९७४ साली पुरी झालेली ही २४ मजली काँक्रीटची वास्तू ऊबदार व देखणी व्हावी, या सद्हेतूनेच २०१६ पर्यंत तिचे नूतनीकरण करण्यात आले. खिडक्या नव्या आल्या, त्या मूळ जागेवरून बाहेर सरकविण्यात आल्या, त्यांच्या चौकटींभोवतीच्या फटी जळाऊ पदार्थांनी भरल्या गेल्या, आणि भिंतीवर प्लास्टिक गर्भ असलेले असेच तक्ते चढले. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात शीतकपाटाजवळ लागलेली आग खिडकीच्या कडेने बाहेर निघून त्या तक्त्यांना भिडली, आणि तक्त्यांमागील पोकळीचे धुराडे झाले. ७२ माणसे दगावली. खनिज गर्भाचे तक्ते मिळतात, मजल्यामजल्यावर ती पोकळी अडविताही येते, हे मी जाणतो. पण आमच्या कंत्राटदाराच्या दरपत्रकात या दोहोंपैकी एकाचाही उल्लेख नव्हता, आणि मी विचारले तेव्हा त्याने रंगांचे पुस्तक पुढे केले.

अखेर चुन्याच्या गिलाव्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. दिवाळीनंतर परांची बांधली गेली, आणि चुना सुकण्यास अवकाश हवा म्हणून ती होळीपर्यंत तशीच राहिल्याने आम्ही पुष्कळ बोलणी खाल्ली. दुसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांनी मात्र आपली सरकती खिडकी बसवून घेतलीच. त्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदविलेला आहे, आणि तो अद्याप कायम आहे.