प्रॉक न लागलेली रात्र

मी इंदूरहून बोलतोय, तेव्हा मराठीत मध्येच ‘अपन’ आलं तर सांभाळून घ्या.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक खेळत होतो. चाळीस जणांची रेड, त्यात आम्ही पाच-सहा मराठी. कोणी किती डॅमेज केलं हा हिशेब माझ्याकडे. एका रात्री आमच्यातला एक कॉलेजचा पोरगा, वॉरियर, यादीत पार खाली गेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “काय रे, मोबाइल बघत खेळतोस का?” तो म्हणाला, “दादा, बटणं तीच दाबतोय.” मी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याची जागा दुसऱ्याला दिली.

आता त्याच्या तलवारीबद्दल. तिच्यावर क्रुसेडर हे एन्चांट होतं. वार करताना ते कधीतरी आपोआप चालू होतं: पंधरा सेकंद ताकद १०० ने वाढते, थोडं आरोग्यही भरतं. अशा आपोआप लागणाऱ्या परिणामाला खेळाडू ‘प्रॉक’ म्हणतात. शब्द जुना आहे, फक्त अक्षरांवर चालणाऱ्या मड खेळांच्या कोडमधल्या ‘स्पेशल प्रोसिजर’वरून आलेला. लोकांनी त्याची लांबलचक फोड मागाहून बनवली.

क्रुसेडरचा दर मिनिटाला एक. गेम तो शस्त्राच्या वेगाप्रमाणे वाटतो. तलवार तीन सेकंदांनी पडत असेल तर मिनिटाला वीस वार, म्हणून प्रत्येक वाराला ५ टक्के संधी. दीड सेकंदाची हलकी तलवार असेल तर चाळीस वार, प्रत्येकाला अडीच टक्के. हलकं शस्त्र घेऊन कोणी फुकटचा फायदा लाटू नये, म्हणून ही सोय. छान आहे.

पण ‘मिनिटाला एक’ ऐकलं की आपण दर मिनिटाला एक धरून बसतो. लुडोत सहा पडायची वाट बघताना काय होतं आठवा. दहा वेळा फासा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के आहे, आणि घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, फासाच खोटा आहे! इथेही तसंच. वीस साध्या वारांत एकदाही प्रॉक न लागण्याची शक्यता ३६ टक्के. दोन मिनिटं कोरडी जाण्याची जवळपास १३. म्हणजे दोन मिनिटांत पडणारा बॉस असेल, तर साधारण आठातल्या एका लढाईत तलवार गप्पच. फाशाला मागचं काही आठवत नसतं.

गेम बनवणाऱ्यांनाही हे खुपलं असावं. मिस्ट्स ऑफ पंडारियाच्या काळात, म्हणजे २०१२ नंतर, त्यांनी बऱ्याच वस्तूंसाठी प्रत्यक्ष गेलेल्या वेळेवर चालणारी पद्धत आणली, आणि फार वेळ कोरडा गेला तर संधी वाढत जाईल अशी तजवीजही केली. आम्ही खेळत होतो त्या क्लासिकमध्ये यातलं काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी मी त्या रात्रीचा लॉग उघडला, तोही दुसऱ्याच कामासाठी. पोराचे वार नेहमीइतकेच होते. दोन बॉसवर क्रुसेडर शून्य वेळा. मी त्याला लिहिलं, “चुकलं माझं.” उत्तर आलं, “दादा, तेव्हाच सांगितलं होतं.” तोवर तो दुसऱ्या गिल्डमध्ये गेला होता, आणि तिथे त्याचं बरं चाललं होतं.

माझ्या शीटमध्ये आता प्रॉकचा वेगळा रकाना आहे. डॅमेजच्या आधीचा.