माळरानाची साक्ष

नाणेघाटाच्या माथ्यावर मुसळधार कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता इतका क्षीण होत जातो की, पूर येथे कुकडेश्वरापाशी उगम पावलेली कुकडी जुन्नर तालुक्यातल्याच येडगावी पोहोचेपर्यंत घाटातले दाट अरण्य मागे पडलेले असते आणि हिवर, बोर, तरवड व कुसळी गवताचा कोरडा मुलूख सुरू झालेला असतो. येडगावच्या धरणातले पाणी डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि करमाळ्याच्या अवर्षणग्रस्त शिवारांकडे जाते. ओल आणि कोरड यांच्या सीमेवरील या गावाच्या साक्षीने, कोरड्या प्रदेशाचा परिसरशास्त्रज्ञ लोकांच्या कोणत्या उपयोगी पडतो, हे आज सांगावयाचे आहे.

सरकारी जमिनीवर झाडे लावावीत की गवत राखावे, चराईस किती मुभा द्यावी, हे निर्णय तहसील कचेरीतील आणि वनखात्यातील दफ्तरांच्या आधारे होतात. त्या दफ्तरांत जमिनीचे क्षेत्र, आकार व हद्द यांची चोख नोंद असते. तिच्यावर काय जगते, याची मात्र क्वचितच असते. ती उणीव भरून काढणे हे या शास्त्रज्ञाचे काम. एक मीटर लांबीरुंदीची चौकट तो माळावर ठेवतो, तिच्या आतील पवना, मारवेल, कुसळी यांची गणती करतो, गवत कापून, वाळवून त्याचे वजन करतो आणि त्या वजनाचा पावसाच्या आकड्यांशी मेळ घालतो. हे काम वर्षानुवर्षे करावे लागते, कारण येथे एका सालचा पाऊस दुसऱ्या सालासारखा नसतो. धोतराला टोचणारे कुसळ पाहा: त्याची पिळदार शेपटी दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते आणि या फिरण्याने टोकाशी असलेले बी जमिनीत रुतवते. पावसाच्या लहरीपणाशी इतक्या निगुतीने जुळवून घेतलेल्या भूमीला निकामी कसे म्हणावे?

अशा अभ्यासाने निर्णय बदलतो, याचा दाखला जुन्नरातच आहे. पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्याला आसरा मिळाला, आणि २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर निघाली. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत, ते या काळात १७ वर गेल्याचे दिसले. धोका दूर करण्यासाठी योजिलेला उपायच धोका वाढवीत होता. पुढे २०११ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याच्या प्रथेला आळा घालण्यात आला.

माळरानाचा खटला अजून निकाली निघालेला नाही. ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या गवताळ जमिनीत सद्हेतूने समतल चर खोदले जातात, गिरिपुष्पाची रोपे लावली जातात. चरांनी गवताची मुळे उखडतात, आणि मेंढपाळाची चराई, चिंकारा व लांडगा यांचा निवारा एकदमच आकसतो. हा प्रदेश म्हणजे तोडलेल्या जंगलाचा अवशेष, ही समजूत या धोरणाच्या बुडाशी आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुने मराठी वाङ्मय व लोकगीते यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखविले आहे की, पश्चिम महाराष्ट्राचा हा मुलूख निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही असाच गवताळ व काटेरी झाडांचा होता. सुप्याला चिंकाऱ्यासाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य हे असा माळ राखता येतो याचे आपल्याच पुणे जिल्ह्यातले उदाहरण. परंतु संशोधक मधुसूदन आणि वनक यांच्या २०२३ च्या नकाशानुसार देशातील अशा खुल्या निसर्गप्रदेशांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत मोडतो.

म्हणून माझी विनंती दुहेरी आहे. गायरानाविषयी ठराव करण्यापूर्वी ग्रामसभेने गावची लोकजैवविविधता नोंदवही उघडून पाहावी, आणि नसेल तर मेंढपाळांना व वृद्धांना विचारून ती लिहून काढावी. आणि सरकारने कोणत्याही वृक्षलागवडीस मंजुरी देण्यापूर्वी त्या जागेची परिसरशास्त्रीय पाहणी प्रकरणाला जोडणे सक्तीचे करावे. शास्त्रज्ञाने साक्ष द्यावी, निर्णय लोकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी घ्यावा; मात्र तो साक्ष ऐकून घ्यावा, कारण चुकीच्या जागी खोदलेला चर पुढे बुजवता आला, तरी उखडलेले जुने गवत आपल्या हयातीत परत येईल, याची हमी कोणालाच देता येत नाही.