आडवाटेवरचा घोडेवाला



परदेशप्रवास म्हटला की राजधान्या, राजवाडे आणि संग्रहालये डोळ्यांपुढे येतात. परंतु देशाची खरी ओळख आडवाटांवर होते. इझाबेला बर्ड या इंग्रज लेखिकेचा, जपानच्या अपरिचित वाटांवरील पत्ररूप ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला. तो याची साक्ष देतो.

१८७८ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, पाठीचे जुने दुखणे सोसत ही विदुषी टोकियोहून निघाली. सोबतीला इतो नावाचा तरुण दुभाष्या. निक्को मागे टाकून ती डोंगराळ खेड्यांतून उत्तरेकडे, थेट होक्काइदोतील ऐनू लोकांच्या वस्तीपर्यंत गेली. रात्री पिसवांनी हैराण केले. कागदी पडद्यांना भोके पाडून ग्रामस्थ तिला न्याहाळीत. पाहावयास गेलेलीच पाहण्याचा विषय ठरली! तेथील दारिद्र्य व अस्वच्छता यांविषयी तिने कठोर शब्दांत लिहिले. त्यात तिच्या काळाचा अहंकारही डोकावतो.

तथापि एक प्रसंग तिने प्रांजळपणे नोंदविला आहे. घोड्यावरील एक पट्टा वाटेत हरवला. घोडेवाला अंधारात सुमारे चार किलोमीटर मागे गेला. परतल्यावर देऊ केलेले पैसे मात्र त्याने नाकारले. सारे सामान मुक्कामी नीट पोचविणे ही आपलीच जबाबदारी, असे त्याचे म्हणणे.

राजवाड्यांची वर्णने कोणत्याही माहितीपुस्तकात मिळतात. हा अनामिक घोडेवाला आडवाटेलाच भेटतो. तिने त्याला लिहून ठेवले, म्हणून तो आजही ग्रंथालयात वाचकास भेटतो.