जाहिरातीतला पाठिंबा आणि करारातला हक्क



वसंतातल्या या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे शिक्षण कारखान्यांच्या दारसभांत, कामगार न्यायालयाच्या ओसरीवर आणि रात्री दिव्याखाली वाचलेल्या कायद्याच्या पुस्तकांत झाले. तेव्हा बोलणे ओबडधोबड झाले तर सांभाळून घ्यावे.

समलिंगी विवाहाच्या वादात उद्योगधंद्यांनी घेतलेली बाजू हा आमचा विषय. तो वाचून काहींनी भुवया चढवल्या असतील. अलिबागच्या किनाऱ्यावर वारा खात बसलेल्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. पण याच किनाऱ्यावर थळचा खतकारखाना आहे, उरणचे बंदर आहे, डोलवीचे पोलाद आहे. जिथे कारखाना तिथे हजेरीपट, जिथे हजेरीपट तिथे ‘कुटुंब’ हा रकाना. त्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न आमच्याच दारात उभा आहे.

आधी कायद्याची स्थिती पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींतील राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले. पुढे विवाहाची मागणी आली. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत पाच न्यायाधीशांपुढे ती ऐकली गेली. केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा आपल्या महाराष्ट्राने विचाराला वेळ मागितला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीश एकमत होते. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायद्याची मान्यता द्यावी की नाही, यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि मागणी फेटाळली गेली. फेरविचाराचे अर्जही ९ जानेवारी २०२५ रोजी निकालात निघाले. म्हणजे आज आपल्या देशात असे लग्न कायद्याने होत नाही.

आता उद्योगधंद्यांकडे वळू. अमेरिकेत २०१२ साली वॉशिंग्टन राज्यात या प्रश्नावर जनमत घेतले गेले, तेव्हा अ‍ॅमेझॉनचे मालक जेफ बेझोस यांच्या घरून विवाहाच्या बाजूने पंचवीस लाख डॉलर आले. त्याच वर्षी चिक-फिल-ए या कोंबडीच्या खानावळींच्या प्रमुखाने उलट बाजूने मत दिले. मग कोणी तिथे बहिष्कार घातला, तर कोणी पाठिंबा म्हणून तिथेच जेवायला रांगा लावल्या. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ३७९ धंदेवाईक संस्थांनी विवाहाच्या बाजूने निवेदन दिले. त्यात एक मोठा मुद्दा हा होता की, राज्याराज्यांचे कायदे निरनिराळे असल्यामुळे नोकरदारांचे हिशेब ठेवणे मालकांना जड जाते. यात लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. मात्र मालकाची माया हिशेबाच्या वहीतून येते, हे कामगाराने विसरू नये.

आपल्याकडेही काही घडले. २०१९ साली टाटा स्टीलने समलिंगी कर्मचाऱ्यांना आपल्या जोडीदाराचे नाव नोंदवून सवलती घेण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या अ‍ॅक्सिस बँकेने अशा कर्मचाऱ्यांच्या जोडीदाराला वैद्यकीय विम्यात घेतले, आणि ग्राहकांना दोघांचे संयुक्त खाते काढता येईल असे जाहीर केले. या गोष्टी चांगल्याच झाल्या. चांगल्याला चांगले म्हणण्यात चळवळीचे काही कमी होत नाही.

पण दुसरे उदाहरण ऐका. त्याच वर्षी, ऑक्टोबरात, डाबर कंपनीने तोंड उजळण्याच्या आपल्या मालाची जाहिरात काढली. तीत दोन स्त्रिया एकमेकींसाठी करवा चौथचे व्रत करताना दाखवल्या होत्या. मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला आणि कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली. परदेशातही तेच. २०२५ साली सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क येथील अभिमान मिरवणुकींना वर्षानुवर्षे पैसे देणाऱ्या कित्येक कंपन्यांनी हात आखडता घेतला. वारा फिरला तसे शीड फिरले. आमच्या कोळी बांधवांना हे समजावून सांगायला नको. पण शीड फिरवणारा तांडेल निदान होडीतल्या सर्वांना घेऊन बंदराला लागतो. इथे वारा फिरताच ज्यांच्या नावाने शीड उभारले, त्यांनाच पाण्यात सोडले जाते.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. कंपनी काय बोलते हे पाहू नका, तिने काय लिहून दिले ते पाहा. जाहिरात मालकाची, ती तो एका रात्रीत उतरवतो. करार दोघांचा असतो, तो एकट्याला फाडता येत नाही.

आता त्या रकान्याकडे येऊ. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात असा नियम होता की, ज्याला कुटुंब आहे त्याने कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नाव वारस म्हणून लावले तर ते रद्द. कुटुंब म्हणजे पत्नी किंवा पती, मुले, अवलंबून असलेले आईबाप. समजा, एखादा कामगार वीस वर्षे आपल्या जोडीदाराबरोबर एका घरात राहिला, आणि गावी म्हातारी आई आहे. त्याने जोडीदाराचे नाव लावले तरी ते कागदावरच मेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी कुटुंबाच्या व्याख्येत हा जोडीदार आलेला नाही. इथे कंपनीचे धोरण कितीही उदार असो, त्याची धाव कायद्याच्या कुंपणापर्यंत. हे कुंपण संसदेनेच हलवायचे आहे.

उलट काही ठिकाणी कुंपण नव्हतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्याने खुलासा केला की, समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खाते काढण्यास किंवा एकमेकांचे नाव लावण्यास कसलीही बंदी नाही. म्हणजे एका बँकेने २०२१ साली जे औदार्य म्हणून जाहीर केले, ते कोणत्याही बँकेला करता येण्याजोगे होते. अडवणूक कायद्याची नव्हती, खिडकीमागच्या सवयीची होती.

आणखी एक गोष्ट. या सवलती मिळतात कोणाला? पटावरच्या कायम नोकरांना. झाडू मारणारा, माल चढवणारा, पहारा करणारा कंत्राटी कामगार त्यात नसतो. आमच्या माहितीच्या एका कारखान्यात अशाच एका कंत्राटी कामगाराने इस्पितळात पडलेल्या आपल्या सोबत्यासाठी चार दिवसांची रजा मागितली. मुकादमाने विचारले, “नाते काय?” त्याने खाली पाहिले आणि अर्ज परत घेतला. चार दिवस खाडा पडला, पगार कापला गेला. त्याला झेंडा नको होता, चार दिवसांची रजा हवी होती.

कोणी म्हणेल, हा शहरी, श्रीमंतांचा शौक आहे. खुद्द तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात हा समज खोडून काढला आहे. आणि आपल्या मराठीत ही चर्चा काल आलेली नाही. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

ज्यांना हे विवाह धर्माच्या दृष्टीने पटत नाहीत असेही अनेक कामगार आमच्या संघटनेत आहेत. त्यांचे मत त्यांच्यापाशी. मालकाने सक्तीने त्यांच्या छातीवर बिल्ला लावू नये, असे आम्ही ठामपणे म्हणू. मात्र शेजारच्या यंत्रावरच्या माणसाची रजा आणि विमा कोणाच्या पटण्या-न पटण्यावर अवलंबून ठेवता येणार नाही. गिरणगावात एकेका खोलीत कोकणातले दहा-बारा गडी राहत. आजाऱ्याची शुश्रूषा खोलीतलेच करत. रक्ताचे नाते तेव्हाही कोणी विचारले नाही.

पाठिंबा कसा असतो हे ब्रिटनमध्ये दिसले. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनच्या समलिंगी कार्यकर्त्यांनी रस्त्यावर डबे फिरवून वेल्समधल्या संपकरी कुटुंबांसाठी पैसे जमवले. संप हरला. पण १९८५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या अभिमान मिरवणुकीच्या अग्रभागी खाणकामगार आपले बॅनर घेऊन चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांच्या ठरावामागे त्यांची संघटना उभी राहिली. तिथे माल विकायचा नव्हता. म्हणून तो पाठिंबा टिकला.

तेव्हा आमची मागणी अशी. येत्या करारांत ‘कुटुंब’ शब्दाला जोडून ‘कामगाराने लेखी नोंदवलेली व्यक्ती’ हे शब्द घालून घ्यावेत. आजारपणाची रजा, सुतकाची रजा, वैद्यकीय विमा, राहण्याची खोली, अपघात झाल्यास कळवण्याचा पत्ता, एवढ्यासाठी तरी ते चालतील. त्यांत समलिंगी जोडीदार येईल, तशीच अविवाहित बहीण येईल, सांभाळ करणारी मावशीही येईल. ही नोंद गुप्त राहावी, आणि कंत्राटदाराच्या माणसांनाही ती लागू व्हावी.

देशाच्या कामगार चळवळीचा पाया घालणारे नारायण मल्हार जोशी याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे. इथून जवळच चरीच्या कुळांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवून संप चालवला. त्यांनी खोताच्या दयेवर विसंबून काही मागितले नाही. जे मागायचे ते हक्क म्हणून मागावे आणि लिहून घ्यावे, हा या मातीचा धडा आहे. तो याही प्रश्नाला लावावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.