हिरवा दिवा काय सांगतो?

आजचा विषय दिसावयास अगदी लहान आहे. बॅटरीत वीज भरणाऱ्या चार्जरवर दोनतीन बारीक दिवे असतात. ते सर्वांनाच दिसतात. परंतु ते काय सांगतात, हे समजून घेणारे थोडे.

मोटारीत वा घरच्या इन्व्हर्टरला सामान्यतः असते त्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे उदाहरण घेऊ. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली हिचा शोध लावला. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कोठे असतात. रिकाम्या बॅटरीला चार्जर आरंभी सढळ हाताने प्रवाह देतो. दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढला की तो तेथेच स्थिर धरतो, आणि प्रवाह हळूहळू ओसरू लागतो. तोवर बहुधा तांबडा किंवा पिवळा दिवा असतो. प्रवाह अगदी थोडा उरला म्हणजे दाब १३.६ व्होल्टच्या आसपास उतरतो व हिरवा दिवा लागतो.

तेव्हा हिरवा दिवा इतकेच सांगतो की, बॅटरी आता फारसा प्रवाह घेत नाही. बॅटरी निरोगी आहे, अशी ग्वाही तो देत नाही. कित्येक तासांचे काम अर्ध्या तासात आटोपले, तर हर्ष मानू नये. आतील पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसून तिची साठवण घटली असण्याचा संभव असतो. भांडे लहान झाले की ते लवकर भरावयाचेच! उलट, रात्र सरली तरी तांबडा दिवा हटत नसेल, तर एखादा कोठा निकामी झाला असेल, किंवा भरता भरताच वीज अन्यत्र खर्च होत असेल.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मात्र प्रत्येक चार्जरचा निराळा; त्यासाठी सोबतची पुस्तिका जपून ठेवावी. उलट जोडलेल्या तारा, गंजलेली टोके, अतिउष्णता, अथवा बॅटरीचा फारच उतरलेला दाब ही दोषाची नेहमीची कारणे होत. अशा वेळी प्रथम चार्जरचे बटण बंद करावे, मगच तारांना हात लावावा. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले तरी एक ठिणगी स्फोटास पुरते. म्हणून खोलीत वारा खेळता असावा आणि जवळ काडी ओढू नये.

कित्येक घरी आज एखाद्या रुग्णाचे प्राणवायूचे यंत्र याच बॅटरीच्या भरवशावर असते. तेथे केवळ हिरव्या दिव्यावर विसंबणे धोक्याचे. अधूनमधून बाहेरची वीज मुद्दाम बंद करून, रुग्णाचे यंत्र त्यात न गुंतवता, नेहमीचे पंखे व दिवे किती वेळ चालतात ते घड्याळ लावून पाहावे आणि टिपून ठेवावे. गेल्या खेपेपेक्षा वेळ बराच घटला असेल, तर जाणकारास बोलवावे. दिव्याने जे सांगितले नाही, ते ही टिपणवही सांगेल, आणि तेही वीज जाण्यापूर्वी.